बारा कार्डं

सोलापूरला मी चार दिवसांच्या सुट्टीसाठी गेले आणि तिथल्या एका बाईचं काम दोनदा बिघडवून आले. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा सवयीनं. पहिल्याची माफी मिळाली.

माझं नाव अंकिता. पुण्यातल्या एका पॅकेजिंग कंपनीत डिझाइन विभाग सांभाळते. बिस्किटांचे पुडे, फरसाणाच्या पिशव्या, डोकेदुखीच्या मलमाची खोकी. एकवीस वर्षं झाली. हाताखाली नऊ मुलंमुली आहेत. त्यांनी काढलेलं माझ्याकडे येतं, मी त्यातली रेघ इकडची तिकडे करते आणि पुढे पाठवते. पूर्वी बोलावून समजावून सांगायचे, आता तेवढाही उत्साह नाही. सरळ दुरुस्त करून टाकते. मुलं आपसात 'मॅडमचा हात फिरला' म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

जानेवारीत एका दुपारी मुलांनी माझ्या टेबलावर दोन पुडे ठेवले, एक हिरवा, एक पिवळा. कोणता आवडला, असं विचारलं आणि मला सांगताच येईना. मन दोन्हीकडे ओढ घेत होतं असं काही नाही, मतच नव्हतं. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून पिवळा म्हटलं आणि डबा उघडला. तो पिवळा पुडा आता सगळ्या दुकानांत लटकतोय. दिसला की मी मान फिरवते.

म्हणून सुट्टी काढली. लोक डोंगरावर जातात, समुद्रावर जातात. मला जुनं शहर लागतं. गॅलऱ्यांचे कठडे, दारांच्या चौकटी, दुकानांच्या हातानं रंगवलेल्या पाट्या, पायाखालच्या फरशीची नक्षी. नवऱ्यानं आणि मुलीनं माझ्या या सुट्ट्यांपुढे केव्हाच हात टेकलेत. 'तू जा, तुझे कठडे बघून ये,' असं म्हणून मुलीनं दार लावून घेतलं. मी एकटीच आले.

फेब्रुवारी संपत आला होता आणि सकाळी दहालाच ऊन डोक्यावर बसलं होतं. स्टेशनबाहेर अतीकची रिक्षा मिळाली. पस्तिशीचा, दाढी नीट कातरलेली, तोंडाला खंड नाही. दिवसभरासाठी तोच ठरवला. त्यानं मला किल्ल्याचे बुरूज दाखवले, तलावाच्या पायऱ्या दाखवल्या, महापालिकेच्या जुन्या इमारतीच्या, इंद्रभुवनाच्या, चारी बाजूंनी फिरवून आणलं. इंद्रभुवनाच्या दगडी कोरीवकामापुढे मी अर्धा तास उभी राहिले. दहा वर्षांपूर्वी असं काही दिसलं असतं, तर मी वही काढून फतकल मारून बसले असते. आता फोटो काढले, बाटलीतलं कोमट पाणी प्यायले आणि बसायला सावली शोधली.

'मॅडम, तुमी बघता कमी आन फोटोच लई काढता की,' अतीक म्हणाला.

मला राग आला, कारण खरं होतं. रात्री हॉटेलच्या खोलीत दोनशे चौदा फोटो पाहिले. एकही पुन्हा बघावासा वाटला नाही. पायांचे तुकडे पडले होते आणि अजून तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, अतीकला माझी दया आली असावी. 'नक्षीच बघायची ना? मग आमच्या घरी चला. अब्बाचे माग हायत. नक्षीचं लई सामान पडलंय,' असं म्हणून त्यानं रिक्षा पूर्व भागाकडे वळवली. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालू होता, कुठल्याशा खिडकीतून तेलुगू गाणं येत होतं. अतीकच्या घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड आणि त्यात दोन माग, दोन्ही बंद. वडील नमाजला गेले होते, आई आत झोपली होती.

शेडमधल्या बाजेवर पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या रचून ठेवल्या होत्या, बारा-बाराचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला चिंधी बांधलेली. प्रत्येक पट्टीला भोकंच भोकं. ही चादरीच्या नक्षीची कार्डं. एक कार्ड म्हणजे फुलाची एक ओळ. जिथं भोक, तिथला धागा वर उचलला जातो, जिथं पुठ्ठा, तिथला खाली राहतो. सगळी कार्डं क्रमानं दोरीत ओवून मागावर चढवली की ओळीवर ओळ पडत फूल तयार होतं. हे मी कॉलेजात शिकले होते आणि विसरले होते.

मी एक गठ्ठा सोडून वरचं कार्ड दाराच्या उजेडात धरलं. भोकांमधून ऊन माझ्या हातावर पडलं, मनगटावर ठिपक्यांची ओळ उमटली. कितीतरी महिन्यांनी मला एखादी गोष्ट हवीशी वाटली. अगदी लहान मुलाला हवीशी वाटते तशी, आत्ता आणि माझ्या हातात.

'घ्या की,' अतीक म्हणाला. 'रद्दीच हाय. मागच्या आठवड्यात दोन पोती घालवली रद्दीत.'

'वडिलांना विचारायचं का?'

'काय विचारायचं त्यात? माग पन जानार हायत भंगारात.'

मी मधले दोन गठ्ठे उचलले. भोकं दाट होती म्हणून ते निवडले. तिथून त्यानं मला नवी पेठेत सोडलं. संध्याकाळची गर्दी, कापडाची दुकानं, सराफांची दुकानं, आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर कोणी मान वर करून न बघणारे जुने लोखंडी कठडे. मी बघत होते. डोळे परत आले होते. एका कठड्याची जाळी आणि कार्डाची भोकं एकाच फोटोत धरायची म्हणून मी एक कार्ड गठ्ठ्यातून ओढलं, बाकीचा गठ्ठा शेजारी उभ्या स्कूटरच्या सीटवर ठेवला. एका हातानं कार्ड आभाळाकडे, दुसऱ्या हातात फोन. रिक्षावाले हॉर्न मारत होते, बायका धक्के देत होत्या. एका धक्क्यानं हातातलं कार्ड खाली गेलं आणि एका रिक्षाच्या चाकाखाली सापडलं. मी हसले. मजेत होते. पुढच्या कठड्याकडे गेले. हॉटेलवर पिशवी उघडली तेव्हा एकच गठ्ठा निघाला. दुसरा स्कूटरवरून कुठल्या कुठे गेला होता. हळहळले, पण एक तर आहे, असं म्हणून झोपले.

शनिवारी सकाळी सातला अतीक हॉटेलच्या दारात उभा. तोंडचं पाणी पळालेलं.

'मॅडम, ते कार्डं परत द्या. लई घोटाळा झालाय. ते रद्दीतले नव्हते.'

रिक्षात त्यानं जे सांगितलं ते असं. त्यानं स्वतः कधी माग चालवला नव्हता, पंधरा वर्षं रिक्षाच. रद्दीतली कार्डं कोणती आणि कामातली कोणती, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायची सवय नव्हती. बाजेवरची कार्डं वडिलांनी मुद्दाम सोडवून ठेवली होती, जुनी दोरी कुजली होती म्हणून. नवीन दोरीत ओवून ती आज मागावर चढवायची होती.

शेडमध्ये त्याचे वडील राजेसाब उभे होते. सत्तरीचे, मागांच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळे साधं बोलणंही ओरडून. मला वाटलं आता खरपूस बोलणी बसणार. पण त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

'बसा! च्या घ्या!'

'चिल्लाव नक्को जी,' आतून बायकोचा आवाज आला, आणि त्या स्वतःच भिंतीला हात लावत बाहेर आल्या. अजीजाबी. साठीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या ओढणीतून कानातले बारीक डूल दिसत होते. साखरेनं त्यांची नजर बरीचशी नेली होती. वस्तू अगदी डोळ्यांशी, तिरप्या उजेडात धरली तरच दिसायची.

मी एक गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्याचं सांगितलं. स्कूटरचंही सांगितलं. सांगताना माझं मलाच इतकं मूर्खपणाचं वाटलं की शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं.

अजीजाबी बाजेपाशी गेल्या, हातानं गठ्ठे चाचपत शेवटापर्यंत पोचल्या आणि मध्ये एका जागी थांबल्या. 'बारा गेले. फुलाचं मधलं,' असं म्हणून बाजेच्या कडेवर बसल्या. त्या बारा कार्डांत काय गेलं, ते मला राजेसाबांनी ओरडून सांगितलं. सबंध गल्लीला कळलं असेल.

हे फूल अजीजाबींचं होतं. एकोणीस वर्षांच्या असताना त्यांनी ते ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून काढलं, नवरा-बायकोनं मिळून भोकं पाडून कार्डं ठोकली. चाळीस वर्षांत त्या फुलाच्या किती चादरी गेल्या याचा हिशेब नाही, पण घरात एकही नव्हती. चांगल्या निघालेल्या व्यापाऱ्याकडे जायच्या, घरात दुसऱ्या नक्षीच्या डागी राहायच्या. बीम म्हणजे ताण्याचा, उभ्या धाग्यांचा, रूळ; पुढच्या बीमला एक ठेवू, पुढच्या बीमला ठेवू, असं करता करता चाळीस वर्षं गेली. आता राजेसाबांचे गुडघे उभं राहू देत नव्हते. दोन्ही माग भंगारात दिले होते, रविवारी दुपारी टेम्पो येणार होता. बीमवर एका चादरीपुरताच ताणा उरला होता, आणि ती चादर अजीजाबींची.

'एवडीच एक मागितली व्हती हिनं!' राजेसाब म्हणाले.

'गप बसा की,' अजीजाबी म्हणाल्या. मग माझ्याकडे, म्हणजे मी होते त्याच्या थोडं बाजूला, बघून म्हणाल्या, 'तुमी मनाला लावून घेऊ नका. चूक कुनाकडूनबी व्हती. आमच्या पोरानंच दिली न्हवं?'

त्या माफीनं मला जास्तच लागलं. अतीक आणि मी नवी पेठेत गेलो. दोन तास त्या कठड्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक दुकानात विचारलं. स्कूटर कोणत्या रंगाची, असं ते विचारायचे. मला आठवत नव्हतं. मी, जिला पिवळ्याच्या सतरा छटा सांगता येतात. गटाराच्या कडेनं वाकून चालले, भाजीच्या पाट्यांखाली बघितलं, रद्दीवाल्याच्या ढिगात हात घातला. ऊन वाढत गेलं. एका कापड दुकानाच्या पायरीवर बसले तेव्हा ज्या कठड्यासाठी हे सगळं घडलं तो समोर दिसत होता. त्याच्याकडे बघवेना.

मग सुचलं ते मला पहिल्यांदाच सुचायला हवं होतं. बारा ओळी पुन्हा काढता येतील. त्यांच्या खालची आणि वरची कार्डं आहेत, मी आहे, राजेसाबांकडे कार्ड ठोकायचा साचा आहे. स्टेशनरीच्या दुकानातून ग्राफ पेपर आणि लाल पेन घेऊन आम्ही परत गेलो. घरातला मूळ ग्राफ वाळवीनं कधीच खाल्ला होता.

'कागद कशाला लागतोय?' अजीजाबी म्हणाल्या. 'माज्या ध्यानात हाय. मी सांगते, तुमी ल्ह्या.'

त्यांच्या आवाजात एकदम जोर आला. भिंतीला पाठ टेकून त्या बसल्या, डोळे मिटले, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर टिपत निघाली. मी पायाशी सतरंजीवर, पुढ्यात पाट. फुलाची रुंदी चाळीस चौकोनांची; कडेची नक्षी प्रत्येक कार्डाला सारखीच, ती राजेसाब शेजारच्या कार्डावरून उतरवणार होते.

'सहा सोडा. नऊ भरा. चार सोडा. दोन भरा, ह्यो देठ. चार सोडा. नऊ भरा. सहा सोडा. झाली वळ.'

मी लाल पेननं भरत गेले. डावीकडे पाकळी, मध्ये देठ, उजवीकडे पाकळी. दुसरी ओळ. तिसरी. अजीजाबी एकदाही अडखळल्या नाहीत, मध्येच अतीकला पाणी मागितलं तेव्हाही पुढचा आकडा बरोबर तिथूनच उचलला. मला खूप वर्षांनी कोणाच्या तरी हाताखाली काम करायला मिळालं होतं. बरं वाटत होतं, हे कबूल करते.

दुपारचे दोन वाजले. सातव्या ओळीला त्या म्हणाल्या, 'सहा सोडा. नऊ भरा. चार सोडा. दोन भरा. चार सोडा. चार भरा. तीन सोडा. दोन भरा. सहा सोडा.'

माझं पेन थांबलं. डावी पाकळी सलग नऊ, आणि उजवीच्या मधोमध तीन रिकामे. वरखाली सगळं फूल दोन्ही बाजूंनी सारखं चाललेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, ओठ सुकले होते. सकाळपासून त्यांच्या पोटात चहा आणि अर्धी भाकरी गेली होती. दमल्या आहेत, मोजणी चुकली, असं मला वाटलं. आठव्या ओळीला तेच. नवव्या ओळीला तेच. दहावीला पुन्हा सलग नऊ.

आकड्यांची बेरीज तिन्ही वेळा बरोबर चाळीसच येत होती. चुकणाऱ्या माणसाची बेरीज जमत नाही. हे मला आत्ता लिहिताना कळतं. तेव्हा मी बेरीज केलीच नाही. तिन्ही ओळींतले ते नऊ रिकामे चौकोन लाल करून टाकले. विचारलं नाही. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, असंही काही मनात आलं नाही. खरं म्हणजे मनात काहीच आलं नाही. हात फिरला.

'झालं?' अजीजाबींनी विचारलं.

'झालं, चाची. सुंदर आलंय.'

मग राजेसाब पितळी साचा घेऊन बसले. मी ग्राफवरून ओरडून आकडे सांगत होते, ते पंचावर हातोडी मारत होते. मी उजव्या पाकळीचे सलग नऊ सांगितले, तेव्हा ते क्षणभर थांबले, चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि ठोकले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत बारा कार्डं तयार झाली, अंधार पडायच्या आत सगळी दोरीत ओवून झाली. हाताला पुठ्ठ्याच्या कडांनी कापलं होतं. अजीजाबींनी मला जेवून जायला लावलं. त्यांच्या घरात त्या दिवशी सणासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी माग सुरू झाला. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. अजीजाबी मागाजवळ स्टुलावर, मागाच्या लाकडाला हात लावून. कार्डांची माळ वरून खाली सरकत होती. मी नवी बारा कार्डं पुन्हा पुन्हा फिरून येताना बघत होते, आमचा पुठ्ठा पिवळा आणि बाकीचा तपकिरी. प्रत्येक फेरीला फुलांची एक आडवी रांग पूर्ण व्हायची. अठ्ठेचाळीस फुलं झाली आणि ताणा संपला. राजेसाबांनी कळ दाबली. एवढी शांतता झाली की शेजारच्या घरांतले माग ऐकू यायला लागले.

त्यांनी चादर कापून घेतली, झटकली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली. तेवढ्यात टेम्पो आला. दोन माणसं पाने-हातोडे घेऊन आत शिरली आणि पहिल्या मागाचे नट ढिले करायला लागली.

अजीजाबी चादर घेऊन उंबऱ्यावर बसल्या, उजेड तिरपा येत होता तिथं. एक फूल डोळ्यांशी नेलं. अंगठा उजव्या पाकळीवर फिरवला. पुन्हा फिरवला. ते फूल सोडून दुसरं धरलं, मग तिसरं. चादर ओढून दुसऱ्या टोकाचं बघितलं. काय शोधताहेत ते मला कळलं होतं, का शोधताहेत ते नव्हतं.

'अवो,' त्यांनी हाक मारली, 'भोक कुटं हाय?'

राजेसाबांना दोनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, 'तूच भरून घेतलं न्हवं? मला वाटलं, शेवटची हाय म्हनून भरून घेतलीस!'

'म्या? म्या कशाला भरून घेऊ?' त्या थांबल्या. बोटं पुन्हा मांडीवर टिपायला लागली, पण काल चालली तशी चालेनात. 'तीन सोडा म्हनले न्हवं मी? का न्हाय म्हनले? सातवीला... आठवीला...' मग त्यांनी हात कपाळाला लावला. 'डोळे गेले ते गेले. आता हेबी चाललं म्हना की.'

चेहरा एकदम म्हातारा झाला. मी तिथून दोन हातांवर उभी होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. ग्राफ माझ्या पिशवीत होता, त्यात मी काय केलं हे मला सोडून कोणाला कळणार नव्हतं, आणि सहा वाजता माझी गाडी होती. गप्प राहायचं एवढंच. गप्प राहून दुरुस्त करायचं, याचाच मी एकवीस वर्षं पगार घेतला होता.

'चाची,' मी म्हणाले, 'तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मी भरलं.'

त्यांनी मान वळवली. 'का?'

'मला वाटलं तुम्ही चुकलात.'

'तीन सोडा म्हनले व्हते मी?'

'हो. तिन्ही ओळींना.'

'सातवी, आठवी, नववी?'

'हो.'

'म्हंजे माजं डोकं बरोबर हाय.'

'बरोबर आहे, चाची.'

त्यांनी मोठा श्वास सोडला. कपाळावरचा हात खाली आला. आता त्या ओरडतील, रडतील, काहीतरी करतील, असं मला वाटत होतं, आणि मला ते हवंही होतं. पण त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आपल्याच डोक्याची खात्री पटवून घेत असल्यासारख्या.

'केमला आमचे अब्बा रेल्वेत व्हते,' त्या म्हणाल्या. 'क्वार्टरपुढं जास्वंद व्हती. कदी धड फूल मिळालं न्हाय बगा, अळी पाकळीला भोक पाडायचीच. मला तसलंच म्हाईत व्हतं. म्हनून तसलंच काडलं. व्यापारी लई बोंबलला, फूल किडकं हाय म्हनून. ह्यांनी सांगितलं, कार्डं ठोकून झालीत, आता बदलत न्हाईत. बदलली असती की.' त्या थोडं हसल्या. 'मग बाजारात लोक तीच मागाय लागले. भोकवाली द्या म्हनायचे.'

आतून लोखंड जमिनीवर पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या मागाची चौकट निघाली होती. मी मूर्खासारखी म्हणाले, 'अजून करता येईल का? कुठं दुसरीकडे, शेजारच्या मागावर, मी थांबते, मी कार्डं पुन्हा...'

'ताना संपला न्हवं,' अजीजाबी म्हणाल्या. सांगण्यात राग नव्हता. 'आन तुमाला इचारता आलं असतं की. मी पुढ्यातच बसले व्हते.'



त्यांनी चादरीची टोकं जुळवली, एक मला धरायला दिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून घडी घातली. घडीवर हात फिरवून त्यांनी ती माझ्या हातांवर ठेवली.

'ही तुमी घेऊन जावा.'

'नको चाची. ही तुमची आहे. तुम्ही एवढी वर्षं...'

'न्हाय. माज्या फुलाला भोक हाय. हे फूल तुमचं हाय.' मग पाहुणीला निरोप देतात तशा म्हणाल्या, 'थंडीत पांगरा. लई ऊब देती.'

मी राजेसाबांकडे पाहिलं. ते टेम्पोत चढणाऱ्या मागाकडे बघत होते आणि त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. अजीजाबी भिंतीला हात लावत आत गेल्या.

अतीकनं मला स्टेशनवर सोडलं. त्याला वाटेत चादर दिसली. 'अम्मीनं दिली? स्वतःची?' त्याचा विश्वास बसेना. 'मॅडम, नशीब काढलंत बगा.' मी हो म्हणाले. एका दिवसात दोनदा खरं बोलायची ताकद माझ्यात नव्हती, फार दमले होते.

गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. चादर जड होती, मांडीवर घेऊन बसले आणि घडी थोडी उलगडली. कुर्डुवाडी गेलं, केम गेलं, पुढे दौंडनंतर डब्यातले लोक झोपायला लागले, तरी मी ते फूल बघत होते. दोन्ही बाजूंनी अगदी सारखं होतं.